मूत्राशय आणि आतडे यांची एकत्रित शस्त्रक्रिया : स्पायना बायफिडा असलेल्या मुलांच्या पालकांसाठी

पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष, म्हणजे स्पायना बायफिडा, असलेल्या बहुतेक मुलांचे लघवी आणि शौच या दोहोंवर नियंत्रण नसते. दोन्हींचे मूळ एकच असते. मूत्राशय, गुदाशय आणि त्यांची तोंडे बंद ठेवणारे स्नायू हे सारे त्रिकास्थीच्या, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेल्या हाडाच्या, दुसऱ्या ते चौथ्या पातळीवरून निघणाऱ्या नसांवर चालतात, आणि पाठीवरच्या गाठीत नेमक्या याच नसा अडकलेल्या किंवा अर्धवट वाढलेल्या असतात. तरीही लघवीसाठी एक डॉक्टर, बद्धकोष्ठासाठी दुसरे आणि मेंदूतील जास्तीचे पाणी पोटात सोडणाऱ्या नळीसाठी, म्हणजे शंटसाठी, तिसरे अशी आपली वणवण सुरू होते आणि सगळे एकत्र पाहणारे कोणी आहे की नाही, हेच पालकांना कळत नाही.

आमच्या मुलीवर या दोन्ही तक्रारींसाठी एकाच वेळी शस्त्रक्रिया झाली. त्या काळात जी माहिती आम्हांला तुकड्यातुकड्यांनी मिळाली, ती येथे क्रमाने मांडली आहे. औषधांची मात्रा मुद्दामच दिलेली नाही. ती मुलाच्या वजनावर आणि मूत्रपिंडांच्या स्थितीवर ठरते.

१. आधी मूत्रपिंड, मग कोरडे कपडे

पालक म्हणून आपल्या डोळ्यांना डायपर दिसतो, डॉक्टरांना मात्र मूत्रपिंडे दिसत असतात, आणि या बाबतीत त्यांचा क्रम बरोबर आहे. नसांचा ताबा नसलेले मूत्राशय कधी ढिले असते, तर कधी कडक आणि आकसलेले असते. ढिल्या मूत्राशयातून लघवी सतत गळते, पण मूत्रपिंडे बहुधा सुरक्षित राहतात. कडक मूत्राशयात दाब साठतो, लघवी उलट वर चढते आणि कोणताही त्रास जाणवू न देता मूत्रपिंडे खराब होत जातात. त्यामुळे ‘गळत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा समज सर्वांत धोकादायक आहे. काही वेळा मूल कोरडे राहते ते केवळ मूत्राशयाचे तोंड घट्ट आवळले गेल्यामुळे.

अगदी तान्ह्या बाळाची मूत्रपिंडे धोक्यात असतील, तर मूत्राशय तात्पुरते थेट पोटाच्या त्वचेवर उघडून ठेवतात. या शस्त्रक्रियेला व्हेसिकोस्टॉमी म्हणतात आणि मूल मोठे झाल्यावर ते तोंड बंद करता येते. या लेखाचा विषय त्यानंतरच्या, साधारण पाच-सहा वर्षांपासून पुढच्या वयात होणाऱ्या शस्त्रक्रियांचा आहे, कारण त्यांत मुलाचे स्वतःचे सहकार्य लागते.

२. शस्त्रक्रियेविना होणारे उपाय नेटाने पुरे करा

पहिला उपाय म्हणजे ठरावीक वेळी नळी घालून मूत्राशय रिकामे करणे, ज्याला सगळे सीआयसी म्हणतात. अमेरिकेतील मिशिगनचे जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली. नळी निर्जंतुक नसली, केवळ स्वच्छ असली तरी चालते, कारण मूत्राशय वेळेवर रिकामे होणे अधिक महत्त्वाचे आहे, हा त्यांचा मुद्दा त्या काळी धाडसी होता. आज घरोघरी साबणाने हात धुऊन साध्या नेलॅटॉन नळीने हे केले जाते, ते त्याच आधारावर. सीआयसीच्या जोडीला मूत्राशय सैल ठेवणारे ऑक्सिब्युटिनिनसारखे औषध देतात. त्याने बद्धकोष्ठ वाढते, तोंड कोरडे पडते आणि उन्हाळ्यात मुलाला घाम कमी येतो, हे शाळेतही सांगून ठेवावे. औषध पुरे पडले नाही, तर दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शने देतात. त्यांचा परिणाम काही महिनेच टिकतो.

आतड्यांसाठी आहार, पाणी, मल मऊ करणारी औषधे आणि खालून पाणी सोडून आतडे धुण्याची पद्धत हे टप्पे आहेत. मलाने गच्च भरलेला गुदाशय मूत्राशयाला मागून दाबतो, त्याची जागा कमी करतो आणि संसर्गालाही वाट करून देतो. म्हणून आधी पोट साफ राहू लागले की लघवीच्या तक्रारीचा काही भाग आपोआप उतरल्याचे पुष्कळ कुटुंबांना दिसते. येथे एक सापळा आहे. कपडे भिजू नयेत म्हणून मुलाला पाणी कमी पाजले जाते, विशेषतः शाळेच्या वेळेत. त्यामुळे मल खडा होतो, लघवी घट्ट होते आणि मुतखड्याला निमंत्रण मिळते.

हे उपाय काही महिने मन लावून केल्याशिवाय चांगला सर्जन शस्त्रक्रियेची तारीख देत नाही. त्यात टाळाटाळ नसते. जे कुटुंब आज दर चार तासांनी नळी घालू शकत नाही, त्याच्यासाठी शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य अधिक जोखमीचे असते, कारण नळी तेव्हाही घालायचीच असते.

३. तपासण्या : कोणती कशासाठी

सोनोग्राफीत मूत्रपिंडांची सूज, खडे आणि नळी घातल्यावर उरणारी लघवी दिसते. एमसीयू या तपासणीत मूत्राशयात औषध भरून क्ष-किरणाने पाहतात; लघवी उलट वर चढते का, हे त्यात कळते. डीएमएसए स्कॅन मूत्रपिंडांवरचे जुने व्रण आणि दोन्ही बाजूंचे काम दाखवतो. मूत्रपिंडांचे काम कळावे म्हणून रक्तात क्रिएटिनिन पाहतात, मात्र पायांचे स्नायू बारीक असलेल्या मुलांत ते फसवे असते. स्नायूच कमी असल्याने आकडा ‘नॉर्मल’ दिसतो आणि मूत्रपिंडे मात्र मागे पडलेली असतात. अशा वेळी सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी करावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

या सगळ्यांत निर्णायक तपासणी म्हणजे युरोडायनॅमिक. एक बारीक नळी मूत्राशयात आणि एक गुदाशयात ठेवून, सलाइन सावकाश भरत, किती भरल्यावर दाब किती वाढतो हे मोजले जाते. वयानुसार अपेक्षित क्षमता काढण्याचा ढोबळ हिशोब असा : वयात एक मिळवा आणि ३०ने गुणा. म्हणजे सहा वर्षांच्या मुलासाठी सुमारे २१० मिलिलिटर. दाब ४० सेंटिमीटर पाण्याच्या वर जाऊनच लघवी गळत असेल, तर मूत्रपिंडांना धोका मानतात. अहवाल हातात आला की हे दोन आकडे आधी शोधा. तपासणीपूर्वी पोट साफ असले पाहिजे आणि लघवीत जंतुसंसर्ग नसावा, नाहीतर आकडे चुकीचे येतात आणि सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो.

पूर्वी ठीक असलेले मूल अचानक जास्त गळू लागले, पाय ओढू लागले किंवा पाठ दुखते म्हणू लागले, तर मूत्राशयाकडे वळण्याआधी पाठीचा एमआरआय करून मज्जारज्जू खाली ओढला गेला आहे का, हे न्यूरोसर्जनकडून पाहून घ्यावे.

४. शस्त्रक्रियांची ओळख

एकत्रित शस्त्रक्रिया म्हटले तरी ती एक नसते. गरजेप्रमाणे तीन-चार शस्त्रक्रियांची जुळणी केली जाते.

मूत्राशय मोठे करणे. याला ऑग्मेंटेशन म्हणतात. लहान आतड्याचा किंवा मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाचा तुकडा, त्याचा रक्तपुरवठा तसाच ठेवून, उभा चिरून मूत्राशयाला ठिगळासारखा जोडतात. जागा वाढते, दाब उतरतो. मात्र आतडे आपला स्वभाव सोडत नाही. ते चिकट स्राव करत राहते आणि लघवीतील क्षार व आम्ल शोषून घेते. पुढच्या बहुतेक तक्रारी या एका गोष्टीतून येतात.

लघवीसाठी पोटावर वाट. फ्रान्सचे पॉल मिट्रोफॅनॉफ यांनी १९८० मध्ये अपेंडिक्स वापरून मूत्राशयापासून बेंबीपर्यंत किंवा पोटाच्या उजव्या बाजूपर्यंत बारीक मार्ग करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मूत्राशयाकडचे टोक भिंतीत तिरपे रोवलेले असल्याने लघवी बाहेर येत नाही, नळी मात्र आत जाते. व्हीलचेअरवर बसलेल्या मुलीला कपडे न उतरवता लघवी करता येणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे तिच्या शाळेतले स्वच्छतागृह पाहिल्यावर समजते.

आतडे वरून धुण्याची वाट. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे पॅड्रिग मलोन यांनी १९९० मध्ये हीच कल्पना आतड्यांसाठी वापरली. अपेंडिक्सचे टोक त्वचेवर आणून त्यातून मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच पाणी सोडायचे, म्हणजे सगळे आतडे वरून खाली धुऊन निघते. पालकांच्या बोलण्यात ही शस्त्रक्रिया ‘मेस’ म्हणून ओळखली जाते.

मूत्राशयाचे तोंड घट्ट करणे. तोंड फारच ढिले असेल, तर त्याभोवती पट्टी घालून आधार देतात किंवा क्वचित ते कायमचे बंद करतात. बंद करण्याच्या निर्णयाला सहज होकार देऊ नका. त्यानंतर पोटावरची वाट ही एकमेव वाट उरते. ती अडली तर लघवीला दुसरीकडे जाता येत नाही.

अपेंडिक्स एकच आणि वाटा दोन, हा प्रश्न येथे उभा राहतो. ते पुरेसे लांब आणि त्याचा रक्तपुरवठा अनुकूल असेल, तर काही वेळा त्याचे दोन भाग करून दोन्हीकडे वापरता येते. नाहीतर एका वाटेसाठी अपेंडिक्स आणि दुसरीसाठी लहान आतड्याच्या छोट्या तुकड्यापासून बनवलेली नळी वापरतात. या नळीला मोंटी म्हणतात. म्हणूनच दोन्ही गोष्टींचे नियोजन एकत्र झाले पाहिजे. आज एकाने लघवीसाठी अपेंडिक्स वापरून टाकले आणि दोन वर्षांनी आतड्यांचा विचार सुरू झाला, तर चिकटलेले पोट पुन्हा उघडावे लागते. दुसऱ्या कोणत्याही कारणाने मुलाचे पोट उघडले जाणार असेल, तर ‘जाता जाता अपेंडिक्सही काढून टाकतो’ या प्रस्तावाला स्पष्ट नकार द्या आणि तसे केसपेपरवर लिहून घ्या.

मेस सर्वांनाच लागते असे नाही. खालून आतडे धुण्याने काम भागत असेल आणि मूल ते स्वतः करू शकत असेल, तर केवळ पोट उघडतेच आहे म्हणून ती करून घेऊ नये, असे माझे मत आहे. उलट ज्या मुलाचा हात मागे पोहोचत नाही, त्याला वरची वाट स्वावलंबी करते.

५. सर्जनशी बोलताना

अशा शस्त्रक्रिया बालशल्यचिकित्सक किंवा मुलांचे युरॉलॉजिस्ट करतात. ते अशा एकत्रित शस्त्रक्रिया नियमित करतात का, नंतरच्या तक्रारींसाठी रात्री कोणाशी संपर्क साधायचा, आणि नळी घालायला शिकवणाऱ्या परिचारिका विभागात आहेत का, हे विचारण्यात संकोच करू नका. मुंबईत परळचे वाडिया बालरुग्णालय, केईएम आणि सायन येथे बालशल्यविभाग आहेत. इतर जिल्ह्यांतील पालकांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयापासून सुरुवात करावी.

पोटावरच्या तोंडांची जागा झोपलेल्या मुलावर ठरवू नये. मुलाला नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या कपड्यांत बसवून, कॅलिपर किंवा पट्टा असल्यास तो घालून, त्याला स्वतःला कोठे दिसते आणि हात कोठे पोहोचतो हे पाहून खूण करायला सांगा. पाठीला बाक असलेल्या मुलांत बेंबी कित्येकदा घडीत लपते.

६. कागदपत्रे आणि पैशांची व्यवस्था

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, पण केवळ योजनेतील रुग्णालयात आणि केवळ यादीतील शस्त्रक्रियांसाठी. एकत्रित शस्त्रक्रियेचा कोणता भाग यादीत बसतो, हे तेथील आरोग्यमित्राकडून, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडून, तारीख घेण्यापूर्वीच विचारून घ्या, कारण मंजुरी आधी लागते. मज्जारज्जूचे जन्मदोष राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही येतात, त्यामुळे अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीसाठी येणाऱ्या पथकाकडे नोंद करून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाता येते. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तेथे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागतात.

सोबत ठेवायची कागदपत्रे :
– रेशनकार्ड, मुलाचे व पालकांचे आधार कार्ड, जन्मदाखला
– उत्पन्नाचा दाखला आणि दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड
– पाठीच्या आणि शंटच्या जुन्या शस्त्रक्रियांची डिस्चार्ज कार्डे
– वर सांगितलेल्या तपासण्यांचे अहवाल, फिल्मसहित
– किमान आठवडाभराची लघवीची वही : वेळ, नळीतून निघालेले माप, मधली गळती

शेवटची वही पुष्कळजण नेत नाहीत, पण सर्जन सर्वांत आधी तीच मागतात.

७. भरती होण्यापूर्वी

दोन गोष्टी स्वतःहून सांगा, कोणी विचारण्याची वाट पाहू नका. पहिली, मुलाला शंट आहे. शंटची नळी पोटातच सुटलेली असते आणि आतडे उघडल्यावर तिला संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे न्यूरोसर्जनचे मत आणि प्रतिजैविकांची आखणी आधी व्हावी लागते. दुसरी, लेटेक्स. स्पायना बायफिडाच्या मुलांत रबराच्या लेटेक्सची ॲलर्जी इतरांपेक्षा खूप अधिक आढळते आणि ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर जीवघेणी ठरू शकते. फुग्याने मुलाचे ओठ सुजले असतील तर ते सांगाच, पण तसे काही झाले नसले तरी लेटेक्सविरहित हातमोजे आणि सिलिकॉनच्या नळ्या वापराव्यात, असा आग्रह धरा.

आतडे साफ करण्यासाठी एक-दोन दिवस आधी भरती करतात. कायमचे बद्धकोष्ठ असलेल्या मुलांना याला जास्त वेळ लागतो, त्यामुळे घरीच आठवडाभर आधीपासून पोट हलके ठेवावे.

८. पहिले काही आठवडे

शस्त्रक्रिया कित्येक तास चालते. मूल बाहेर येते तेव्हा नाकातून एक, पोटावरच्या प्रत्येक वाटेतून एक, मूत्राशयातून थेट पोटाबाहेर काढलेली एक आणि बाजूला निचऱ्याची एक, अशा नळ्या असू शकतात. प्रत्येक नळीवर पट्टी लावून नाव लिहून घ्या, कारण पाळी बदलल्यावर नवीन परिचारिकेला मूत्राशयाची नळी आणि आतड्याची नळी वेगळी ओळखता आली पाहिजे.

मूत्राशयाची नळी चिकट स्रावाने बुजते. ती सलाइनने धुण्याचे काम पहिल्या दिवसांतच तुमच्या हातून करून घ्या, घरी सोडण्याच्या दिवशी घाईघाईने शिकू नका. घरी सोडतानाही नव्या वाटांमधल्या नळ्या आतच असतात. त्या साधारण तीन ते चार आठवडे ठेवतात, म्हणजे मार्ग पक्का होतो. या काळात एखादी नळी निसटली, तर ती स्वतः पुन्हा घालण्याचा प्रयत्न न करता लगेच रुग्णालय गाठा.

९. घरचा दिनक्रम

नळ्या काढल्यावर लघवीसाठी सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी आणि हळूहळू चार तासांनी नळी घालतात. रात्रीचे काय करायचे, हे सर्जनकडून नेमके लिहून घ्या. स्राव निघून जावा म्हणून १२ किंवा १४ क्रमांकाची जाड नळी बरी पडते. मूत्राशय नियमित धुणे कंटाळवाणे असते आणि काही महिन्यांनी ‘आता स्राव दिसत नाही’ म्हणून सोडून दिले जाते. साचलेल्या स्रावाभोवतीच पुढे खडे धरतात.

मेसमधून सोडायचे पाणी मुलाच्या वजनावर ठरते. किलोमागे १० ते २० मिलिलिटर असा अंदाज धरून डॉक्टर सुरुवात करतात आणि पुढे वाढवतात. मीठ-पाणी घरी करायचे सांगितले असेल, तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, तेही वजनकाट्यावर मोजून घाला. चमच्याचा अंदाज नको, कारण मीठ जास्त झाले तर ते रक्तात शोषले जाते. पाणी सोडल्यावर मुलाला अर्धा ते एक तास कमोडवर बसावे लागते. पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट ठेवा. भारतीय बैठकीचा संडास असेल, तर कमोड खुर्ची आधीच आणा. वेळ रोज एकच ठेवावी. शाळेच्या सकाळच्या घाईपेक्षा संध्याकाळ सोयीची पडते. पहिले काही महिने मधूनच कपडे खराब होतात. त्यावरून शस्त्रक्रिया फसली असे ठरवू नये. पाण्याचे प्रमाण आणि वेळ बदलत जाऊन घडी बसते.

लघवीच्या कल्चरविषयी एक सावधगिरी. नळी घालणाऱ्या मुलांच्या लघवीत जंतू जवळजवळ नेहमीच सापडतात. ताप, पोटदुखी, नव्याने गळती यांपैकी काही नसताना केवळ अहवालावरून प्रतिजैविके घेत राहिल्यास पुढे खऱ्या संसर्गाला औषध उरत नाही.

१०. ताबडतोब रुग्णालयात नेण्याची लक्षणे

मोठे केलेले मूत्राशय अति भरल्यास फुटू शकते. पोट दुखणे, फुगणे, उलट्या, ताप ही लक्षणे असतात, पण संवेदना कमी असलेले मूल कित्येकदा फक्त मलूल पडते. नळी घालून ती उघडी सोडा आणि थेट शस्त्रक्रिया झालेल्या किंवा मोठ्या रुग्णालयात जा. नेहमीच्या दवाखान्यात पोटदुखीचे इंजेक्शन घेऊन थांबू नका. ‘आतड्याचा तुकडा लावलेले मूत्राशय आहे, लेटेक्स चालत नाही, शंट आहे’ असे लिहिलेले कार्ड दप्तरात आणि प्रवासात सोबत असावे.

नळी आत जात नसेल, तर मुलाला आडवे करा, भरपूर जेली लावून एक क्रमांक लहान नळी हलकेच घालून पाहा, जोर लावू नका. खालची वाट उघडी असेल, तर तेथून मूत्राशय रिकामे करून मग डॉक्टरांना फोन करता येतो. ती बंद केलेली असेल, तर वेळ न घालवता निघा. पोटावरचे तोंड आकसणे ही या वाटांची सर्वांत नेहमीची तक्रार आहे आणि बहुधा छोट्या शस्त्रक्रियेने ती सुटते.

११. पुढची वर्षे

ऑग्मेंटेशननंतर आयुष्यभर तपासण्या लागतात : सोनोग्राफी, क्रिएटिनिन, रक्तातील बायकार्बोनेट आणि लहान आतड्याचा तुकडा वापरला असल्यास ब-१२ जीवनसत्त्व. बायकार्बोनेट घसरले, म्हणजे रक्तातील आम्ल वाढले, तर हाडांवर आणि उंचीवर परिणाम होतो, म्हणून उंची-वजनाची नोंदही ठेवावी. लघवीत रक्त दिसू लागले, तर ते कधीही सोडून देऊ नये. मुलींच्या बाबतीत, पुढे बाळंतपणाच्या वेळी सिझेरियन करावे लागल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांसोबत युरॉलॉजिस्ट उपस्थित असणे आवश्यक असते.

मूल मोठे झाले की बालशल्यविभाग त्याला घेत नाही आणि मोठ्यांच्या युरॉलॉजिस्टकडे जावे लागते. म्हणून डिस्चार्जच्या वेळीच शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, म्हणजे ऑपरेशन नोट, मागून घ्या. आतड्याचा कोणता तुकडा किती लांबीचा वापरला, अपेंडिक्स कोणत्या वाटेला गेले, मूत्राशयाचे तोंड बंद केले की उघडे ठेवले आणि कोणत्या क्रमांकाची नळी चालते, हे तीत असले पाहिजे. शक्य असल्यास सर्जनकडून साधी आकृती काढून घ्या आणि तिचा फोटो मुलाच्या स्वतःच्या फोनमध्येही ठेवा.